टॅब घेऊन आलेल्या बाईंच्या कागदावर सही करावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : बहीण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, पहिलटकरीण, पाचवा महिना. आशाताईंबरोबर अभ्यासाच्या एक बाई घरी आल्या. हातात टॅब, दिवे लागणारं बीपीचं यंत्र आणि चार पानी कागद. सासूबाईंनी सांगून टाकलं, "आमच्यावर प्रयोग करूलालेत, सही करायची नाही." तुम्ही पुण्यात, बहीण रोज फोन करून विचारतेय, आणि या डिजिटल तपासणीनं खरंच काही फरक पडतो का, हेही तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी बावीस वर्षं याच तालुक्याच्या पश्चिमेकडच्या उपकेंद्रांवर सिस्टर होते. जांबोटीच्या पुढचा, कणकुंबीकडचा पट्टा. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. टॅबही वापरला, दिव्यांचं यंत्रही वापरलं आणि संमतीचे कागद शेकडो बायकांना वाचून दाखवले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंचं. त्या प्रयोग म्हणतात ते बरोबरच आहे, प्रयोगच असतो तो. पण असल्या प्रयोगातून आपल्याच जिल्ह्यानं काय मिळवलं, ते त्यांना कुणी सांगितलेलं नसणार. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींचा एक अभ्यास झाला. बाळ बाहेर आल्यावर ८१२ जणींना मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली, ८०८ जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. गोळी देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या कोण? तर उपकेंद्रांवरच्या २५ सिस्टर. ज्यांना औषधाची गोळी मिळाली नाही त्यांच्यात अतिरक्तस्राव १२ टक्के, ज्यांना मिळाली त्यांच्यात ६.४ टक्के. जीवघेणा रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. रक्तस्राव रोखायच्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला फ्रिज लागतो, या गोळीला लागत नाही. पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसलेल्या वाडीत याची किंमत काय असते, ते आम्हाला विचारा. २००६ साली हा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

त्याच कामात रक्त मोजायला एक प्लास्टिकची पिशवी तयार झाली. बाळंतिणीच्या खाली पसरायची, टोकाला निमुळती, त्यावर मिलिलिटरच्या खुणा. तोवर आम्ही सगळ्याजणी नजरेनं अंदाज करायचो, "दोन पॅड भिजले, चालायचंच." या पिशवीशी ताडून पाहिलं तेव्हा नजरेचा अंदाज ३३ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे आम्ही ज्याला थोडं म्हणत होतो ते थोडं नव्हतं. हे वाचलं त्या दिवशी मला माझ्या हातून झालेली सगळी बाळंतपणं आठवली. पुढे २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० दवाखान्यांत अशीच खुणांची पिशवी आणि लगेच एकत्र द्यायचे उपचार, असा मोठा अभ्यास झाला. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. त्या पिशवीचं मूळ आपल्या बेळगावात आहे, एवढं सासूबाईंना जरूर सांगा.

आता दिव्यांचं यंत्र. अशा प्रकारच्या एका यंत्राची चाचणी आपल्या जिल्ह्यातल्या गोकाकमध्ये झाली आहे. एप्रिल २०१६ ते नोव्हेंबर २०१७, आफ्रिका, हैती आणि भारत मिळून दहा ठिकाणी. भारतातलं ठिकाण गोकाक. यंत्र बीपी आणि नाडी मोजतं आणि सिग्नलसारखा दिवा लावतं. बीपी १६०/११० किंवा वर गेलं की लाल, १४०/९० पासून पिवळा. शिवाय नाडीच्या ठोक्यांना वरच्या बीपीनं भागून ते रक्तस्रावाचा धोकाही ओळखतं. बीपी अजून ठीक दिसत असतं तेव्हाही नाडी पळायला लागलेली असते, आणि घाईत नेमकं तेच नजरेतून निसटतं. शिकवायला सोपं, मोबाइलच्या चार्जरवर चालणारं.

आणि निकाल? ५,३६,२३३ बाळंतपणांमध्ये माता दगावणं, बीपी वाढून झटके येणं आणि गर्भपिशवी काढावी लागणं हे सगळं मिळून दहा हजारांमागे ७९.४ वरून ७२.८ वर आलं. पण ठिकाणाठिकाणांतला आणि काळानुसार होणारा फरक हिशेबात घेतल्यावर हे यंत्रामुळंच झालं असं संशोधकांना म्हणता आलं नाही. त्यांनी ते तसंच छापलं. माझा अशा अभ्यासांवर विश्वास बसला तो यामुळंच.

टॅबचंही तसंच. २०१४ ते २०१६ मध्ये बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत, तसंच पाकिस्तान आणि मोझांबिकमध्ये एक अभ्यास झाला. आशा आणि सिस्टर घरी जाऊन बीपी घेणार, डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, छातीत दुखणं असं विचारून टॅबमध्ये भरणार, आणि टॅब सांगणार : घरीच थांबा, आज दवाखान्यात जा, की लगेच गोळी-इंजेक्शन देऊन हलवा. तिन्ही देशांत मिळून ६९ हजारांवर गरोदरपणं. २०२० मध्ये निकाल आला. टॅब दिलेल्या भागांत आणि न दिलेल्या भागांत एकूण फरक नाही! इतक्या जणींच्या कष्टाचं हे फळ, म्हणून मी दोन दिवस खट्टू होते. पण त्यातच एक नोंद होती. ज्या बायकांची अशी तपासणी आठ किंवा जास्त वेळा झाली, त्यांच्यात पोटातच बाळ दगावण्याचं प्रमाण कमी दिसलं. हा पक्का पुरावा नव्हे, कारण आठ वेळा जिच्या घरी जाता येतं तिचं घर, रस्ता, माणसं सगळंच वेगळं असू शकतं. तरी माझ्या अनुभवाशी ते तंतोतंत जुळतं.

तो अनुभव सांगते. एका वाडीवर एक पहिलटकरीण होती, सातवा संपत आलेला. यंत्रावर हिरवा लागला. घरचे खूश. नवऱ्यानं मोबाइलवर त्या हिरव्या दिव्याचा फोटो काढून ठेवला. पंधरा दिवसांनी मी जायची होते, पण ओढ्याला पाणी आलं आणि मला पलीकडं जाता आलं नाही. आशाताई त्याच वाडीची, पण यंत्र माझ्या पिशवीत. ती म्हणाली, "सिस्टर, पोरीच्या तोंडावर सूज वाटूलालीय." मी फोनवर सांगितलं, दवाखान्यात न्या. घरच्यांनी तो फोटो दाखवला. मशीननं हिरवा दाखवलाय, आशाला काय कळतंय? चौथ्या दिवशी पहाटे तिला झटके आले. ती वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगी होती. हिरवा दिवा फक्त त्या दिवसापुरता असतो, हे मी पहिल्याच भेटीत घरच्यांना बसवून सांगायला हवं होतं. त्यानंतर प्रत्येक घरात सांगितलं.

लाल दिव्याची गोष्ट निराळी. एकीचं बीपी १६६/११२ आलं, दोन्ही वेळा. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. झटके टाळायचं मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं. टॅबवर मोठ्या अक्षरात आलं : ताबडतोब हलवा. रेंज नव्हती. देवळाच्या कट्ट्यावर चढून १०८ ला फोन लागला, गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येणार म्हणाली. तिला खुर्चीत बसवून चौघांनी पाऊण तास आळीपाळीनं उचलून आणलं. पहिल्या दवाखान्यात त्या रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हते, तिथून पुन्हा पुढं. बाळ १,७०० ग्रॅमचं झालं, तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. आता शाळेत जातं. यंत्रानं आपलं काम अर्ध्या मिनिटात केलं होतं. बाकीचे सहा तास रस्ता, गाडी आणि डॉक्टर यांत गेले.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी असं देईन : फरक पडतो, पण दारात कुणीतरी नेमानं येतंय आणि लाल लागल्यावर पुढची सोय ठरलेली आहे, तरच.

आता सहीचं. कुठला अभ्यास आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळं करा किंवा करू नका असं मी आंधळेपणानं सांगणार नाही. फक्त तपासणी आणि नोंदींचा अभ्यास असेल तर तुमच्या बहिणीला त्यात जादा भेटी मिळतील, आणि मी असते तर हो म्हटलं असतं. औषधाचा असेल तर अजून दोन प्रश्न जास्त विचारायचे : औषध नवीन आहे की आधीपासून वापरातलं, आणि औषध नसलेली गोळी वाट्याला आली तर नेहमीचे उपचार सुरूच राहणार ना? आपल्याकडच्या काही मोठ्या अभ्यासांत जुनीच, स्वस्त औषधं होती. पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन पाहिलं तेव्हा, २०२० च्या निकालात, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आली. प्रसूतीच्या कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस दिला तर आईला जंतुसंसर्गानं होणारा गंभीर आजार किंवा मृत्यू २.४ वरून १.६ टक्क्यांवर आला, हे २०२३ मध्ये कळलं. दोन्हींमध्ये बेळगावच्या बायका होत्या. (वाचून कुणी स्वतःच्या मनानं ॲस्पिरिन सुरू करू नये. ते कुणाला, कधी आणि किती, हे डॉक्टरच ठरवतात.)

सही बहिणीची हवी. सासूबाईंची नको, नवऱ्याची नको, तुमचीही नको. ती सज्ञान आहे, पोट तिचं आहे. आणि कागद तिला कळेल त्या भाषेत हवा. याबद्दल मला फार तळमळ आहे. एकदा एका मराठी वाडीवर फक्त कन्नड आणि इंग्रजी कागद घेऊन माणसं आली होती. बायकांनी अंगठे दिलेसुद्धा. एकीला विचारलं कशाला दिलास, तर म्हणाली, "सरकारी असेल म्हणून." मी कन्नड शिकले, नोकरीत रोज बोलले, त्या भाषेबद्दल मनात काही नाही. पण न कळलेल्या कागदावरचा अंगठा ही संमती नव्हे. मी भांडले. महिन्यानं मराठी कागद आले आणि सगळ्यांना परत विचारलं गेलं. दोघींनी नाही म्हटलं. तो त्यांचा हक्कच होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात : समजेल त्या भाषेत माहिती, माहितीपत्राची एक प्रत घरी, कधीही बाहेर पडायची मुभा, आणि बाहेर पडल्यावरही नेहमीच्या उपचारात कपात नाही. अभ्यासामुळं काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांच्याकडं. कागदावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो, तो बहिणीच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा. औषधाचा अभ्यास असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. २००७ साली सुरू झालेली अशा चाचण्यांची ही सरकारी नोंदवही इंटरनेटवर कुणालाही उघडता येते. तुम्ही पुण्यात बसून ते काम करू शकता. टॅबमधली माहिती, म्हणजे नाव, नंबर, आजार, कोण बघणार, हेही विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलंच तर सही करू नका.

त्या बाईंना मात्र एक प्रश्न मुद्दाम विचारायला सांगा : लाल दिवा लागला तर गाडी कोण बोलावणार आणि पैसे कोण देणार? ज्या अभ्यासात याचं उत्तर तयार असतं, तिथं माणसं विचार करून आलेली असतात.

ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-तपासणीचंही तुम्ही विचारलंय. उपकेंद्रातून व्हिडिओवर डॉक्टर दिसतात, अंगावरची खाज, तापाची चौकशी, चालू गोळ्यांची उजळणी यासाठी चांगली सोय आहे. पण पोट हातानं तपासल्याशिवाय बाळाची वाढ कळत नाही, तेव्हा दर महिन्याच्या ९ तारखेची गरोदर मातांची तपासणी चुकवू नका.

तुम्ही स्वतः बीपीचं यंत्र घेऊन पाठवायचं म्हणताय तर गरोदरपणासाठी पडताळलेलं मॉडेल आहे का ते बघून घ्या, कारण झटके येण्याआधी बीपी वाढतं त्या आजारात काही साधी यंत्रं बीपी खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतात. मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. आकडा आणि तारीख तायी कार्डावर, म्हणजे गरोदर मातेच्या नोंदींच्या कार्डावर, लिहायची. आणि डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं काजवे, बरगडीखाली दुखणं, तोंडावर सूज यातलं काहीही झालं तर यंत्र काय म्हणतंय ते न बघता दवाखाना गाठायचा.

तायी कार्डावरच्या बीपीच्या आतापर्यंतच्या नोंदी आणि हिमोग्लोबिनचा आकडा खाली लिहा. फोटो टाकू नका, त्यावर नाव-पत्ता असतो. वाडी जंगलातली आहे की रस्त्यालगतची, तेही सांगा. पावसाळ्यात दिवस भरणार असतील तर शेवटचे पंधरा दिवस तिला कुठं ठेवायचं ते आत्ताच ठरवावं लागेल.