चाकणला कॉन्ट्रॅक्टरकडून कंपनीत लागावं का, की परमनंटची वाट बघावी?

घरी बसून वाट बघण्यापेक्षा लाग, पण डोळे उघडे ठेवून. मी स्वतः आयटीआय झाल्यावर दोन वर्षं असंच काम केलंय. फायदा म्हणजे आठवड्याभरात गेटपास मिळतो, लाईनवर हात बसतो आणि पुढच्या इंटरव्ह्यूला सांगायला अनुभव होतो. त्रास असा की सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे काही दिवस कामावरून बंद करतात, आणि शेजारी तेच काम करणाऱ्या परमनंटचा पगार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, ते मनाला फार लागतं रे.

पहिल्या महिन्यातच यूएएन, म्हणजे आपल्या पीएफ खात्याचा नंबर माग आणि पीएफचं पासबुक ऑनलाईन चेक कर, कारण माझे बेसिक पगाराचे १२% कापले जायचे पण पीएफ खात्यात भरलेच जात नव्हते आणि मला कळलं चार महिन्यांनी. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं कार्डपण घेच, मशीनवर बोट गेलं तर तेच कामाला येतं. कॉन्ट्रॅक्टरने पगार थकवला तर कायद्याने तो मूळ कंपनीने आपल्याला द्यायचा असतो, म्हणून हजेरी आणि पगाराची स्लिप जपून ठेव. लावून देतो म्हणून आधीच पैसे मागणाऱ्याकडे मात्र अजिबात जाऊ नको.