हरिपाठ म्हणते आणि फिजिक्सही करते, मी ढोंगी आहे का?

हा प्रश्न शब्द बदलून माझ्याकडे इतक्यांदा आलाय की आता लिहूनच टाकते. यावेळी विचारणारी मुलगी फिजिक्समध्ये पीएचडी करतेय (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). लॅबमध्ये एकादशीच्या उपवासावरून टोमणे, आणि घरी गेलं की बाबा मोबाईल पुढे करणार, बघ, बिग बँग आपल्या ग्रंथात आधीच लिहिलंय. दोन्हीकडे ही गप्प, रात्री झोप नाही.

काउन्सेलिंगची बरीच सेशन्स ती देव आहे की नाही यावरच माझ्याशी वाद घालत होती, शेवटी मी तिला जॉर्ज लमेत्रबद्दल सांगितलं. बेल्जियमचा माणूस, 1923 मध्ये कॅथलिक पाद्री झाला, आणि 1927 मध्ये आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून विश्व प्रसरण पावतंय असं मांडलं. आइन्स्टाइन तोंडावर म्हणाला, गणित बरोबर पण फिजिक्स भयंकर! 1931 मध्ये लमेत्रने विश्वाची सुरुवात एका आद्य अणूतून झाली असं म्हटल्यावर (बिग बँगची कल्पना इथूनच पुढे आली) तर पाद्रीबुवा मागच्या दाराने देव आणतायत अशीही शंका घेतली गेली.

"आणि 1951 मध्ये खुद्द पोपनी भाषणात सांगितलं की विज्ञानच आता निर्मात्याकडे बोट दाखवतंय. लमेत्रला काय वाटलं असेल?"

"भारी वाटलं असेल ना!"

"छे, तो अस्वस्थ झाला. पुढच्या वर्षी पोप रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलणार होते, त्याआधी याने व्हॅटिकनच्या वेधशाळाप्रमुखांमार्फत शब्द टाकला. त्या भाषणात तो मुद्दा आलाच नाही."

ती गप्प झाली. मीही. (अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं.)

"मॅडम, म्हणजे त्याला पुरावा नकोच होता... मला देवाचा त्रास नाहीचे. मला बाबांना नाही म्हणता येत नाही, आणि लॅबमध्ये हो म्हणता येत नाही."

मी वर्षानुवर्षं हेच म्हणत आलेय, आतल्या दोन माणसांचं जबरदस्तीने एकमत करू नका, भांडण बहुतेकदा त्यांचं नसतंच, बाहेरचं कोणीतरी सर्टिफिकेट मागत असतं. लमेत्र मास (कॅथलिक चर्चमधली उपासना) म्हणायचा आणि समीकरणंही सोडवायचा, एकाची साक्ष दुसऱ्यासाठी काढली नाही. तुम्हीही फॉरवर्ड खोडत बसू नका, "बाबा, हे राहू दे, अभंग म्हणूया" एवढं पुरतं. लॅबमध्ये "आज उपवास आहे" म्हणा आणि पुढचं स्पष्टीकरण देऊ नका. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर डॉक्टरांनाही दाखवा, तिलाही आधी तेच सांगितलं होतं. तिचे बाबा थोडे दिवस रुसले, फॉरवर्ड अजून येतात म्हणे, फक्त ती आता उत्तर देत नाही.