अमेरिकन यादवी युद्धावरचा प्रश्न लिहिताना

प्रश्न हातात आला की आधी त्यातलं क्रियापद बघ. ‘वर्णन करा’ आणि ‘चर्चा करा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘यादवी युद्ध गुलामगिरीमुळे झालं की राज्यांच्या हक्कांमुळे? चर्चा करा’ हाच प्रश्न घे. (राज्यांचे हक्क म्हणजे केंद्र सरकारने नव्हे, राज्यांनीच आपला कारभार ठरवायचा, हा दावा.) बरीच मुलं गुलामगिरीच्या वादातले टप्पे, म्हणजे 1820 चा मिसुरी समझोता, 1854 चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, 1857 चा ड्रेड स्कॉट निकाल अशी सनावळी मांडून थांबतात. सनावळी पाठ हवीच, पण ते उत्तर नव्हे. पहिल्या दोन वाक्यांत तुझं मत मांड, मग एकेक घटना त्याच्या साक्षीला उभी कर.

आणि मूळ कागद वाच, हे अगदी कळकळीने सांगते. डिसेंबर 1860 मध्ये दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना राज्य अमेरिकेच्या संघातून फुटून निघालं, तेव्हाचं त्यांचं निवेदन छोटंसंच आहे. त्यात तक्रार कसली? पळालेले गुलाम परत करण्याचा कायदा उत्तरेकडची राज्यं पाळत नाहीत, याची. म्हणजे उत्तरेतल्या राज्यांनी आपले हक्क वापरले, तेच यांना खुपत होतं! एवढा एक पुरावा नीट उलगडलास तरी ‘राज्यांचे हक्क’ हा मुद्दा किती पोकळ आहे ते दिसतं. विरुद्ध बाजू मात्र गाळू नकोस. आयात मालावरच्या जकातीचा वाद खरा होता, 1832 मध्ये याच राज्यात पेटलाही होता. तो मांड आणि कुठे कमी पडतो ते सांग.

गटचर्चेत जागतिक बाजू हवी असेल तर मुंबईचा कापूस आण. दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत अडकली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या इकडे वळल्या, भाव कडाडले. 1865 ला युद्ध संपताच बाजार कोसळला आणि मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या.