डिसेंबरमध्ये सिंगापूरला जायचंय, पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. चालेल का?

नाही चालणार. सिंगापूरला पोचता त्या दिवसापासून पासपोर्ट किमान सहा महिने वैध लागतो. तुमचे फार तर चारच उरतात. बालीलाही सहा महिन्यांचाच नियम. युरोपातल्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येतो असा देशांचा गट) हिशोब वेगळा: तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा.

आणि हे सिंगापूरला उतरल्यावर कळेल असं नाही, मुंबईतच चेक-इनला अडवतात. माझ्या आत्येभावाचं असंच झालं. सोलापूरहून रात्रभर प्रवास करून पोचला, काउंटरवरच्या मुलीने तारखेवर बोट ठेवलं आणि बॅगा परत ट्रॉलीवर. बायको-मुलं शेजारी उभी. तो चेहरा मी विसरलेलो नाही, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

आजच पासपोर्ट सेवा पोर्टलवर री-इश्यूचा, म्हणजे जुन्याऐवजी नवा पासपोर्ट काढायचा, अर्ज भरा. मुदत संपायची वाट बघावी लागत नाही, वर्षभर आधीही करता येतं. आपल्याकडे सोलापुरात पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, कागदपत्रं तिथे तपासून होतात. पासपोर्ट पुण्याच्या कार्यालयाकडून येतो. पोलीस पडताळणी लागली तर दिवस वाढतात, तेवढे हाताशी ठेवा. नंबर नवा मिळतो, त्यामुळे तिकीट, व्हिसा त्यानंतरच.

मुलं सोबत असतील तर त्यांचे पासपोर्ट आधी उघडा. लहानांचा पाचच वर्षं चालतो, आणि नेमका तोच बघायचा राहतो.