रोज सकाळी तासभर चालतो. तरी ऑफिसात मध्ये मध्ये उठायची गरज आहे का? उठलं की कामाची लिंक तुटते.

गरज आहे. सकाळचं चालणं वाया जात नाही, पण त्यावर पुढचे आठ तास बूड न हलवता काढायची मुभा मिळत नाही.

मी नाशिकला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात सतरा वर्षं टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरसमोर बसतोय. तुमच्यासारखाच सकाळी चार किलोमीटर चालून यायचो आणि दिवसाचा हप्ता भरून टाकल्यासारखा निवांत बसायचो. जीएसटीचं विवरणपत्र भरायची २० तारीख जवळ आली की दहाला टेकलेला मी थेट जेवायलाच उठायचो. घरी येऊन मोजे काढले की घोट्याभोवती इलॅस्टिकची खाच, बोट फिरवलं तर हाताला लागेल एवढी. बायको म्हणायची, "अहो, पाय सुजलेत तुमचे." मी मोज्यांवर ढकलायचो.

पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू पंपाचं काम करतात. पोटरी हलली तर पंप चालतो. जेवणानंतरच्या साखरेचंही तसंच, हलणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. २०२३ साली कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ११ जणांना आठ-आठ तास बसवून पाहिलं होतं. दर अर्ध्या तासाला ५ मिनिटं चालवलं, त्या दिवशी जेवणानंतरची साखरेची उसळी ५८ टक्क्यांनी कमी भरली. माणसं अकराच, तेव्हा आकडा फार कवटाळू नका. पण तासाला एखादं मिनिट चालूनही रक्तदाब थोडा उतरला होता, हे मला जास्त कामाचं वाटलं. तेवढं कुणालाही जमतं.

न जमणारी गोष्ट म्हणजे उठायची आठवण राहणं. मोबाइलचा गजर लावून पाहिला. चौथ्या दिवसापासून नजर स्क्रीनवरच आणि हात आपोआप गजर बंद करायला. शेजारच्या टेबलावरचे वैतागले ते वेगळंच. मग एक केलं. आमचे शिपाईमामा रोज टेबलावर लिटरची बाटली भरून ठेवत. त्यांना म्हटलं, "मामा, माझी नका भरू." बाटलीच्या जागी स्टीलचा छोटा पेला आला, जेमतेम चार घोटांचा. माठ पॅसेजच्या टोकाला, जाऊन-येऊन साठेक पावलं. तहान लागली की उठावंच लागतं, आणि प्यायलेलं पाणी तासाभराने पुन्हा उठवतं!

फोनवर उभं राहूनच बोलतो, हेही त्यातच.

आता लिंकचं. मला वाटायचं, हातातलं पान संपवून उठावं. तिथेच चुकत होतो. पान संपवून उठलं की परत येऊन नवीन उघडायचा कंटाळा, मग माठापाशी गप्पा लांबतात. आता मी मुद्दाम अर्ध्यात उठतो. बँक स्टेटमेंटमधली रक्कम टाकलेली, खात्याचं नाव टाकायचं बाकी. परत आलो की हात आपोआप तिथूनच सुरू होतो, डोकं मागून येतं.

साहेबांनी भुवया उंचावल्या तर सांगा, आयुष मंत्रालयानेच २०२१ मध्ये ऑफिसात करायचा ५ मिनिटांचा 'वाय-ब्रेक', म्हणजे योगाचा ब्रेक, काढलाय. आमचे साहेब म्हणाले, "करा की, पण २० तारखेनंतर."

एक मात्र बघा. सूज एकाच पायाला असेल, दुखत असेल किंवा सकाळी उठल्यावरही उतरलेली नसेल, तर पेला-बिला बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.