डिक्शनरीतला 'जे' म्हणजे 'य' कसा काय?

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीची शेती आहे. मुलगी सहावीत. तिच्या इंग्रजी डिक्शनरीत शब्दापुढे दोन तिरप्या रेघांत विचित्र अक्षरं असतात. 'यलो'च्या पुढे 'जे' होता म्हणून तिने वर्गात 'जेलो' वाचलं आणि सगळी पोरं हसली. घरी आम्ही केळीला केयी, डोळ्याला डोया म्हणतो, तर आता ती म्हणते आपले उच्चारच चुकीचे. ही चिन्हं कशी वाचायची आणि घरच्या बोलण्याचं काय करायचं?

उत्तर : ताई, मुलीला आधी सांगा की तू दिसलं तेच वाचलंस, ती अक्षरं इंग्रजीची नाहीतच हे तुला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. 1886 साली पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या मास्तरांनी एक संस्था काढली, पॉल पासी त्यातले मुख्य, आणि त्यांनी धरलेलं तत्त्व असं की एका आवाजाला एकच चिन्ह, भाषा कोणतीही असो. इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज 40 च्या वर, म्हणून डिक्शनरीवाल्यांना ही चिन्हं लागतात. त्यात 'जे' दिलाय 'य'ला, कारण जर्मनसारख्या भाषांत 'जे' वाचतात तो 'य' असाच.

बाकीची पण हळूहळू ओळखीची होतात. छोटा 'ई' उलटा दिसला की तो साधारण आपला 'अ', 'अबाउट'मधला पहिला. स्वरापुढे दोन टिंबं म्हणजे विसर्ग नव्हे हं, तो स्वर लांबवायचा. आणि वर बारीक उभी रेघ असेल तर तिच्या पुढच्या भागावर जोर द्यायचा, 'फोटोग्राफ'मध्ये तो 'फो'वर येतो पण 'फोटोग्राफर'मध्ये 'टॉ'वर, हे स्पेलिंग बघून कधीच कळत नाही.

मला खरी मजा वाटते ती आपली भाषा या चिन्हांत बघताना. चार आणि चारा हे दोन शब्द मोठ्याने म्हणून बघा, आकड्यातला 'च' म्हणताना जीभ टाळूकडे जाते आणि गुरांच्या चाऱ्यातला दातांमागे राहतो, आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो पण या लिपीत चाऱ्याचा 'च' म्हणजे 'टी' आणि 'एस' जोडून, आकड्यातल्या चारला मात्र 'टी'पुढे लांब शेपटीचा 'एस'. ट, ड, ण, ळ या सगळ्यांच्या चिन्हांना खाली उजवीकडे वळलेला आकडा असतो, जीभ मागे वळते ना, म्हणून. ळ म्हणजे आकडेवाला 'एल'.

आता केयी. ळ म्हणताना जीभ मागे वळून वर टेकते, 'य' म्हणताना ती टाळूजवळ जाते पण टेकत नाही. अहिराणीत आणि आपल्याकडच्या बऱ्याच बोलींत ळ च्या जागी 'य' येतो आणि तो नियमाने येतो, काळा काया, शाळा शाया, डोळा डोया. नियमाने होतं त्याला चूक कशी म्हणायची? शाळेत प्रमाण मराठीत केळी लिहायचं ते तिने लिहावं, घरी आजीशी केयीच बोलावं, दोन्ही येतायत हे तिच्या जिभेचं बळ आहे.

एक करा. तिला वहीत केळी आणि केयी दोन्ही या चिन्हांत लिहायला सांगा. पहिल्यात आकडेवाला 'एल' येईल आणि दुसऱ्यात त्याच जागी 'जे', ज्याच्यावरून वर्गात हसले तोच.