वाचकांचे प्रश्न : जायचे राहून गेलेल्या जागा

गेल्या अंकात आम्ही वाचकांना आपल्याच देशातल्या, पण अजून पाहायच्या राहिलेल्या जागांविषयी लिहिण्यास सांगितले होते. कोकण किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे थोडक्यात देऊन त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. कोणार्कच्या रथाचे चाक फळ्यावर काढून मी मुलांच्या कितीतरी तुकड्यांना शिकवले, पण कोणार्क काही पाहिले नाही. मध्यंतरी एक माजी विद्यार्थी मित्रांना घेऊन कशेळीचा कातळावर कोरलेला हत्ती पाहायला आला आणि "बाई, तुम्ही तर पाहिलाच असेल," असे म्हणाला. मी तोही पाहिलेला नाही. गुडघे कुरकुरतात, मुलगा पुण्याला असतो आणि यजमान म्हणतात, आता या वयात काय बघायचे राहिले आहे. सुरुवात जवळून करावी की लांबून?

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातल्या दोन्ही जागा राहून गेल्या त्याचे कारण एकच आहे आणि त्यात अंतराचा वाटा फार थोडा आहे. आपल्याकडे नुसते पाहण्यासाठी म्हणून सहसा कोणी घराबाहेर पडत नाही. लग्न, बारसे, जत्रा, कोर्टाची तारीख किंवा दवाखाना असे काहीतरी निमित्त लागते, आणि ज्या जागेला असे निमित्त नाही ती अर्ध्या तासावर असली तरी पुढच्या वर्षावर जाते. कशेळीच्या कनकादित्याच्या देवळात तुम्ही रथसप्तमीला निश्चितच गेला असाल. त्याच गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या माळावर, मात्र जाणे झाले नाही, कारण तिथे नारळ फोडायचा नसतो.

म्हणून आमची सूचना अशी की निमित्त आयते आहे तेच वापरावे. रथसप्तमी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येते. तेव्हा सड्यावरचे गवत वाळून बसलेले असते, पावसाचे पाणी रेघांमध्ये साचलेले नसते आणि ऊनही सोसवण्यासारखे असते. सकाळी लवकर देवदर्शन उरकण्याऐवजी आधी सड्यावर जावे, कारण कातळशिल्प पाहण्याची वेळ म्हणजे सूर्य खाली असण्याची वेळ. जांभ्या दगडात कोरलेली रेघ फार खोल नसते; उन्हे तिरपी पडली की तिच्या एका काठाची सावली आत पडते आणि आकृती एकदम उठून दिसते, तर भर दुपारी त्याच जागेवर उभे राहूनही "इथे आहे तरी काय?" असे वाटते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. तो एका नजरेत मावत नाही, त्याच्या कडेकडेने चालावे लागते, आणि चालता चालता त्याच्या अंगातच कोरलेल्या इतर प्राण्यांच्या नि जलचरांच्या आकृती एकेक करून सापडू लागतात. रेघांवर पाय देऊ नये आणि फोटोसाठी त्यांत खडू भरू नये, हे तुमच्यासारख्या शिक्षिकेने सोबतच्या मंडळींना सांगितले तर ते ऐकतील. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. त्यांपैकी कशेळी, बारसू, देवीहसोळ आणि देवाचे गोठणे ही ठिकाणे तुमच्याच तालुक्यात आहेत. देवाचे गोठणे येथे जाताना होकायंत्र न्यावे, कारण तिथल्या कातळावर त्याची सुई भलतीच दिशा दाखवते. नातवंडांना नेण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

आता कोणार्क. ज्या दिवशी कशेळीत सूर्याचा उत्सव असतो त्याच माघ शुद्ध सप्तमीला कोणार्कजवळ चंद्रभागा नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर मोठी यात्रा भरते आणि पहाटे हजारो लोक समुद्रात स्नान करून उगवता सूर्य पाहतात. तेव्हा एका वर्षी कशेळी आणि पुढच्या वर्षी त्याच तिथीला कोणार्क, असा बेत करता येईल. मुंबईहून भुवनेश्वरला जाणारी कोणार्क एक्स्प्रेस पुण्यावरून जाते, म्हणजे मुलाकडे दोन दिवस राहून तिथूनच गाडीत बसता येते. पुरीहून कोणार्क सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. देवळाच्या आत जाता येत नाही, कारण ते कोसळू नये म्हणून इंग्रज सरकारने १९०३ च्या सुमारास जगमोहन, म्हणजे गाभाऱ्यापुढचा मंडप, वाळूने भरून बंद केले. त्यामुळे जे पाहायचे ते बाहेरूनच, सावकाश, गुडघ्यांना सांभाळून पाहता येते. तुम्ही फळ्यावर काढलेले चाक माणसापेक्षा उंच आहे. यजमानांना ते आधी दहा रुपयांच्या नव्या नोटेच्या पाठीवर दाखवावे. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असले तरी रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० पासून बंद आहे, हे खर्चाचा अंदाज घेताना लक्षात ठेवावे.

प्रश्न : आमचा हर्णै बंदरात मासेमारीचा धंदा आहे. आम्हाला सवड मिळते ती फक्त जून-जुलैमध्ये, आणि तेव्हा सगळे म्हणतात की पावसात कुठे फिरायला जाता? ऑगस्टपासून पुन्हा दर्या सुरू. घरात म्हातारी आई, आम्ही नवराबायको आणि कॉलेजात जाणारा मुलगा आहे. दापोली-मुंबईच्या पलीकडे आम्ही काही पाहिलेले नाही.

उत्तर : तुमची अडचण साऱ्या किनाऱ्याची आहे. पाहुण्यांचा हंगाम तोच इथल्या लोकांच्या कामाचा हंगाम असतो; आंबा, मासळी, खानावळ, घरगुती राहण्याची सोय हे सारे दिवाळीपासून मेअखेरपर्यंत चालते, आणि हात मोकळे होतात तेव्हा आभाळ फाटलेले असते. मात्र आपल्याकडे पाऊस आहे म्हणून देशभर पाऊस आहे, हे मनातून काढून टाकावे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. म्हणजे तुमच्या होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात तेव्हा रामेश्वरमचे मच्छीमार नुकतेच पुन्हा समुद्रात उतरलेले असतात. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. जूनअखेरीस तिथे उकाडा असतो, पण तो किनाऱ्यावरच्या माणसाला नवा नाही. आईंना रामेश्वरचे दर्शन घडेल, आणि तुम्हाला दुसऱ्या किनाऱ्यावरची बोट, जाळे आणि मासळीचा भाव पाहता येईल, जे कोणत्याही सहलीच्या पत्रकात छापलेले नसते. परतताना तंजावरला थांबावे. तिथे व्यंकोजीराजांपासून भोसले घराण्याने राज्य केले. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो लेख इतका लांब आहे की वाचता वाचता मान दुखू लागते. कोकण रेल्वेने त्रिवेंद्रमपर्यंत आणि तिथून मदुराईमार्गे, असा प्रवास करता येतो. आरक्षण साठ दिवस आधी उघडते, म्हणून मासळीच्या शेवटच्या धांदलीत, एप्रिलअखेरीसच मुलाला त्या कामाला लावावे. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू होते आणि गाड्या हळू धावतात. पुढची गाडी पकडायची असल्यास मध्ये बराच अवधी ठेवावा.

मुलाला बर्फाचे डोंगरच पाहायचे असतील तर लेह हेही जून-जुलैतच पाहण्यासारखे ठिकाण आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर हिमालयाच्या आडोशाला असलेल्या लेहमध्ये जेमतेम शंभर. पण लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस काहीही न करता पडून राहणे हाच तिथला पहिला कार्यक्रम असतो, आणि आईंना तिथे नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मनालीमार्गे रस्त्याने जाण्याचा मोहही पावसाळ्यात टाळावा. त्या बाजूला दरडी कोसळतात. आपल्या घाटांतल्या दरडी पाहिलेल्या माणसाला याहून अधिक सांगायला नको.

प्रश्न : मालवणात माझे दुकान आहे. रोज शटर उघडताना सिंधुदुर्ग किल्ला समोर दिसतो, पण आत कधी गेलो नाही. गिऱ्हाईक विचारते तेव्हा लाज वाटते.

उत्तर : लाज वाटू देऊ नका, तुमच्या शेजारच्या चार दुकानदारांना विचारले तर निदान दोघे तसेच निघतील. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि हंगामात तुम्हाला दुकान सोडवत नाही. होड्या पुन्हा सुरू झाल्या की दिवाळीच्या सुट्टीची गर्दी येण्याआधीचे काही दिवस मोकळे मिळतात, त्यातला एक आडवार धरावा आणि पहिल्या होडीने जावे. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे देऊळ पाहावेच. पण दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींपाशी जरा जास्त वेळ थांबा. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी कसे, हा गिऱ्हाइकांचा ठरलेला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर पाहिलेल्या माणसाच्या तोंडून वेगळे येते.

प्रश्न : मी चिपळूणचा असून नोकरीला लागल्यापासून वर्षातून एकदा एक नवे राज्य पाहायचे ठरवले आहे. आपल्याच देशात फिरायला परवाना लागतो, हे खरे आहे का? आणि अशीही एखादी जागा आहे का, जिथे जाताच येत नाही?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या राज्यांत जाण्यासाठी बाहेरच्या भारतीय नागरिकालाही इनर लाइन परमिट लागते. या व्यवस्थेचे मूळ इंग्रजांनी १८७३ साली केलेल्या नियमात आहे. मणिपूरला ती २०१९ च्या अखेरीस लागू झाली. आसाम, मेघालय आणि त्रिपुरा येथे असे परमिट लागत नाही. लक्षद्वीपला मात्र लागते, आणि तिथे जाण्याचा मुख्य रस्ता कोचीवरून, विमानाने किंवा जहाजाने. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने जहाजाचा भरवसा धरू नये. सिक्कीममध्ये भारतीयांना मोकळेपणाने फिरता येते, पण नथुला खिंडीसाठी पास काढावा लागतो आणि सोमवारी व मंगळवारी ती पर्यटकांना बंद असते.

जाताच येत नाही अशी जागा म्हणजे अंदमानातील नॉर्थ सेंटिनेल बेट. तिथल्या आदिवासींना बाहेरच्या माणसांचा संपर्क नको आहे आणि बाहेरून येणारे साधे आजारही त्यांना झेपणारे नाहीत. म्हणून १९५६ च्या नियमावलीनुसार बेटाभोवतीच्या पाच सागरी मैलांच्या आत कोणालाही जाता येत नाही. ते तुमच्या यादीतून वगळा. ईशान्येकडे जायचे असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरा. काझीरंगाचे राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यात बंद असते. परमिट आता ऑनलाइन निघते, तरी त्याची छापील प्रत, आधार कार्डाच्या छायाप्रती आणि पासपोर्ट आकाराचे फोटो जवळ ठेवा, कारण नाक्यावर मोबाइलला रेंज असेलच असे नाही.